ओटमील कुकीज घरच्या घरी : पथ्य किती, खाऊ किती?

आपल्यापैकी बऱ्याच घरांत ओव्हनचा मुख्य उपयोग कढया, तवे आणि केकचे जुने साचे ठेवण्यासाठी होतो. यात नवल काही नाही. आपल्या आईच्या स्वयंपाकघरात शेगडी होती, स्टोव्ह होता, पुढे गॅस आला, पण भट्टी नव्हती. नानखटाई करायची तर मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात घेऊन बेकरीत जायचं आणि भाजलेली नानखटाई त्याच डब्यातून घरी आणायची. मिसिसागात मात्र भाड्याच्या अपार्टमेंटमध्येसुद्धा ओव्हन असतो. तेव्हा या वेळी त्या कढया जरा बाहेर काढूया आणि ओटमील कुकीज करूया. पण नुसती पाककृती देऊन थांबायचं नाही. 'ओट्सच्या आहेत ना, मग काय हरकत आहे' असं म्हणत चहाबरोबर चार-पाच कुकीज सहज जातात. त्या 'काय हरकत'चा थोडा हिशेबही मांडायचा आहे.

आधी ओट म्हणजे काय ते पाहू. पुष्कळ मंडळी ओटला सातू म्हणतात, पण ते बरोबर नाही. सातू म्हणजे बार्ली, आणि ओट हे वेगळं धान्य. हिंदीत त्याला जई म्हणतात. आपल्याकडे ते मुख्यतः जनावरांचा हिरवा चारा म्हणून पेरलं जायचं, म्हणून मराठी स्वयंपाकात त्याला जुनं नाव नाही आणि जुना पदार्थही नाही. कॅनडा मात्र ओटचा देश आहे. सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि अल्बर्टा हे प्रांत जगाला ओट पुरवतात. आपल्या ऑन्टॅरिओतल्या पीटरबरोला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून क्वेकर ओट्सची मोठी गिरणी आहे. डिसेंबर १९१६ मध्ये तिथे भयंकर स्फोट होऊन आग लागली, तरी कंपनीने ती पुन्हा त्याच गावात बांधली. (एकादशीला ओट चालतात का, असं हमखास विचारलं जातं. ओट हे धान्य आहे, त्यामुळे उत्तर तुमचं तुम्हीच ठरवा.)

ओटचा बोलबाला झाला तो त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या तंतूमुळे. ओटची पेज निवल्यावर बुळबुळीत होते, तो हाच. आतड्यात गेल्यावर तो असाच चिकट होतो आणि पित्तातली आम्लं आपल्यात अडकवून शरीराबाहेर नेतो. नवं पित्त तयार करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं आणि त्यामुळे वाईट कोलेस्टेरॉल थोडं खाली येतं. अमेरिकेत १९९७ मध्ये आणि कॅनडात २०१० मध्ये सरकारने हे मान्य केलं आणि ओटच्या डब्यांवर तसं छापायला परवानगी दिली. बार्लीला, म्हणजे आपल्या सातूला, कॅनडात हीच मान्यता २०१२ मध्ये मिळाली.

आता या मान्यतेतला बारीक अक्षरांतला भाग. फायदा दिसायला रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावं लागतं. कोरड्या ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के असतं, म्हणजे दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. सकाळी वाडगाभर लापशी आणि दुपारी ताकात कालवलेले थोडे ओट्स एवढ्यात ते जमतं. कुकीत काय होतं? इथे घरोघरी जी साधी पद्धत वापरतात तिच्यात ३ कप ओट्स, दीड कप मैदा, एक कप लोणी, ब्राउन आणि पांढरी मिळून दीड कप साखर, दोन अंडी आणि एक कप बेदाणे असतात. त्यातून सुमारे ४८ कुकीज होतात. वाटणी केली तर एका कुकीच्या वाट्याला साडेपाच ग्रॅम ओट्स येतात आणि पाव ग्रॅमपेक्षाही कमी बीटा-ग्लुकन. तीन ग्रॅम भरायला तेरा कुकीज खाव्या लागतील, आणि तेरा कुकीजमध्ये ८५ ग्रॅमच्या वर साखर आणि सव्वादोनशे ग्रॅम लोण्यातलं साठेक ग्रॅम लोणी आलं. कोलेस्टेरॉल उतरवण्याचा हा मार्ग नव्हे! कुकी हा खाऊ आहे. औषध हवं असेल तर लापशी खा. कुकीकडून आपण एवढीच अपेक्षा ठेवूया की खाऊ म्हणून ती दुकानातल्या खाऊपेक्षा बरी असावी.

हे एवढं ताणून का सांगायचं, तर आपली शरीरं या बाबतीत माफ करणारी नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं हाच विषय अभ्यासला. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळ. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून स्थूल, अशी ही आपली ठेवण. म्हणून दक्षिण आशियाई लोकांसाठी कंबरेच्या घेराची धोक्याची रेषासुद्धा खाली धरतात : पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. आपल्या पील विभागात मधुमेहाचं प्रमाण ऑन्टॅरिओच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, आणि इथे दक्षिण आशियाई वस्ती केवढी आहे ते सांगायला नको. 'मी कुठे जाडी आहे, मला कशाला मधुमेह होईल' हे वाक्य आपल्या मंडळींनी तरी विसरावं.

योगायोग असा की या रोगाशी लढण्याची दोन मोठी हत्यारं आपल्या शेजारीच घडली. इन्सुलिनचा शोध टोरोंटो विद्यापीठात १९२१ मध्ये लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते प्रथम टोचलं गेलं. दुसरं हत्यार साधं वाटेल, पण स्वयंपाकघरात तेच जास्त उपयोगी. कोणता पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतो हे मोजणारा 'ग्लायसेमिक इंडेक्स' टोरोंटोच्याच डॉ. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडला. त्या मोजणीत जाड ओट्स खाली बसतात आणि पुडीतले इन्स्टंट ओट्स बरेच वर जातात. धान्य तेच, पण जितकं बारीक चिरलं, शिजवलं आणि लाटलं तितकं ते लवकर पचतं. म्हणून कुकीसाठी 'लार्ज फ्लेक' असं लिहिलेले जाड ओट्सच आणा. 'क्विक' चालतील, 'इन्स्टंट' नकोत. 'स्टील कट' म्हणजे ओटचा रवा. तो एरवी उत्तम, पण कुकीत कच्चा राहतो आणि दाताखाली खडे आल्यासारखं वाटतं.

आता कृती. मापं कपाची दिली आहेत. आपली वाटी घरोघरी वेगळी असते, म्हणून इथला २५० मिलिलिटरचा मापाचा कप घ्या. चमचेही मापाचेच.

साहित्य, २४ कुकीजसाठी : २ कप जाड ओट्स, पाऊण कप कणीक, अर्धा कप किसलेला गूळ किंवा ब्राउन शुगर, १/३ कप कनोला तेल, १ अंडं, पाव कप बिनसाखरेचा अॅपल सॉस, अर्धा कप बेदाणे, पाव कप भोपळ्याच्या सोललेल्या बिया, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा, पाव चमचा मीठ, एक चमचा दालचिनीची पूड. दालचिनी आवडत नसेल तर वेलदोडा आणि जायफळ घाला. घरभर दिवाळीचा वास सुटतो आणि नातवंडंही कुरकुर करत नाहीत.

कृती : बेदाणे दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवून निथळून घ्या, म्हणजे ओव्हनमध्ये करपून कडू होत नाहीत. तेल, गूळ, अंडं आणि अॅपल सॉस एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत फेटा. दुसऱ्या भांड्यात ओट्स, कणीक, सोडा, मीठ आणि मसाला कालवा. दोन्ही एकत्र करा, बेदाणे आणि बिया घाला, आणि मग अर्धा तास झाकून ठेवा. हा अर्धा तास टाळू नका. जाड ओट्सना ओल शोषायला वेळ लागतो. तो दिला नाही तर कुकी कोरडी होते आणि उचलताना भुगा पडतो. चक्कीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, त्यामुळे मिश्रण फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध घाला. लिंबाएवढे गोळे करून कागद पसरलेल्या ट्रेवर ठेवा आणि ओल्या वाटीच्या बुडाने चपटे करा. लोण्याच्या कुकीज ओव्हनमध्ये आपोआप पसरतात. यांत साखर आणि मोहन कमी असल्यामुळे त्या पसरत नाहीत, गोळा ठेवाल तर लाडूच बाहेर येईल. ३५० अंश फॅरनहाइटवर ११ ते १३ मिनिटं भाजा. कडा सोनेरी आणि मध्य अजून मऊ असतानाच बाहेर काढा. गरम ट्रेवर पाच मिनिटांत त्या आपोआप आवळतात. मध्य कडक होईपर्यंत थांबलात तर निवल्यावर दगड होतात.

अंडं चालत नसेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. अंड्यासारखाच बुळबुळीत गोळा होतो आणि मिश्रण धरून ठेवतो. आपण जवस आजवर फक्त चटणीत घातलं, पण पश्चिम कॅनडात त्याची मोठी शेती आहे आणि इथे ते सहज मिळतं. मात्र पूड ताजी करा. दळलेलं जवस पडून राहिलं की खवट होतं.

कणकेबद्दल एक सूचना. कॅनडात 'होल व्हीट' असं लिहिलेल्या पिठातून गव्हाचा ५ टक्क्यांपर्यंत भाग काढायला कायद्याने मुभा आहे, आणि त्यात अंकुराचा बराचसा भाग जातो. पूर्ण गहू हवा असेल तर पिशवीवर 'होल ग्रेन' हे शब्द शोधा. देशी दुकानांतल्या आट्याच्या पिशव्याही उलटून वाचा. सगळ्याच पूर्ण गव्हाच्या नसतात.

आता हिशेबाकडे परत येऊ, कारण गंमत तिथेच आहे. आपल्या या कुकीत वरून घातलेली साखर सुमारे चार ग्रॅम आहे, नेहमीच्या कुकीत ती पावणेसात ग्रॅमच्या आसपास असते. संपृक्त चरबी, म्हणजे रक्तवाहिन्यांना नकोशी असलेली, सुमारे अडीच ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमवर आली. तंतू पाऊण ग्रॅमवरून जवळजवळ दीड ग्रॅम झाला. हे सगळं चांगलंच आहे. पण कॅलरी? दोन्हींत जवळजवळ सारख्याच, एकीला शंभर ते एकशेदहा. तेल लोण्यापेक्षा हृदयाला बरं असलं तरी हलकं नाही. उलट लोण्यात थोडं पाणी असतं, तेल म्हणजे शुद्ध स्निग्ध. बियांत तेल आहे, बेदाण्यांत साखर आहे. म्हणजे या कुकीने बदलतो तो कॅलरींचा दर्जा, आकडा नव्हे. वजन उतरवायचं म्हणून कुणी या कुकीज करणार असेल तर कृपया करू नये.

मधुमेही मंडळींसाठी आणखी एक आकडा. एका कुकीत सुमारे १४ ग्रॅम कर्बोदकं आहेत. इथले आहारतज्ज्ञ १५ ग्रॅमचा एक वाटा धरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक कुकी म्हणजे एक लहान फुलका. दुपारी चहाबरोबर दोन कुकीज खाल्ल्या तर रात्री दोन फुलके कमी. हे जमणार असेल तर खुशाल खा आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. तुमचं शरीर काय म्हणतं ते कोणत्याही लेखापेक्षा जास्त खरं. औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

गुळावर इथे अनेकांचा राग ओढवून घ्यावा लागणार आहे. गूळ चविष्ट आहे, कुकीला खमंगपणा आणतो, त्यात थोडं लोह असतं. पण शंभर ग्रॅम गुळात बहुतांश साखरच आहे आणि ती रक्तात साखरेसारखीच चढते. ब्राउन शुगर म्हणजे तर पांढरी साखर अधिक काकवी. मधाचं तेच. जूनमध्ये स्ट्रीट्सव्हिलच्या ब्रेड अँड हनी फेस्टिव्हलमधून मधाच्या बाटल्या जरूर आणा, पण पथ्य म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली तेव्हा मध आणि फळांचा रससुद्धा त्याच हिशेबात धरला. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्याने ही सगळी साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असं ती सांगते. मिसिसागाचं आणि गोडाचं नातं तसं जुनं आहे. पोर्ट क्रेडिटला सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचा कारखाना होता, तिथे मक्याचं 'बी हाइव्ह' सिरप तयार व्हायचं. त्याचं लेबल पाठवलं की हॉकीपटूंचा फोटो मिळे, म्हणून इथल्या एका पिढीने ते सिरप मनसोक्त खाल्लं. गोड विकायला निमित्त पूर्वीही लागायचं. हल्ली ते निमित्त 'नॅचरल' या शब्दाचं असतं, एवढाच फरक.

तुपाचंही बोलायला हवं. तुपातली नानखटाई ती नानखटाई, यात वाद नाही. पण साजूक तुपात संपृक्त चरबी सुमारे ६० टक्के असते, खोबरेल तेलात त्याहून खूप जास्त, आणि कनोलात अवघी ७ टक्के. वर्षातून एकदा दिवाळीला तूप घाला, आठवड्याच्या कुकीला तेल. वनस्पती तूप मात्र कधीच नको. पूर्वीच्या बेकऱ्या त्यावरच चालत. त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे कॅनडाने सप्टेंबर २०१८ पासून अन्नात अंशतः हायड्रोजनेटेड तेलं वापरण्यावर बंदी घातली. भारतानेही २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. देशातून कुणी जुना डबा आणला असेल तर तो समईच्या कामीही आणू नका, टाकून द्या.

दुकानातून कुकीज आणायचीच वेळ आली तर पुडा उलटून बघा. १ जानेवारी २०२६ पासून संपृक्त चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेल्या पुड्यांवर दर्शनी बाजूला भिंगाचं काळं-पांढरं चिन्ह सक्तीचं आहे. घटकांच्या यादीत सगळ्या प्रकारच्या साखरा आता 'शुगर्स' या एकाच शब्दापुढे एकत्र लिहाव्या लागतात. पूर्वी मध, काकवी, ग्लुकोज असं विखरून लिहिलं की साखर यादीत खाली ढकलता यायची, ती सोय गेली. 'ओटमील' असं ठळक लिहिलेल्या पुड्यात यादीची सुरुवात मैद्याने किंवा साखरेने झालेली दिसली तर दचकू नका, पण घेऊही नका.

खर्चाचं थोडक्यात. ओट्स, कणीक आणि तेल ही मूलभूत किराण्यात मोडतात, त्यांवर एचएसटी नाही. कुकीजचं मात्र मजेदार आहे. सहा किंवा जास्त एकत्र घेतल्या तर कर नाही, सहापेक्षा कमी सुट्या घेतल्या तर कर लागतो. कॉफीबरोबर रोज एक कुकी घेणारा माणूस महागडी सवय पाळतो आणि वर करही भरतो! घरच्या कुकीत सर्वांत महाग पडतात त्या बिया आणि बेदाणे, ते सुट्या मालाच्या दुकानातून लागतील तेवढेच आणा. ओव्हन संध्याकाळी सातनंतर किंवा शनिवार-रविवारी लावला तर 'टाइम ऑफ यूज'वाल्यांना वीज स्वस्त पडते, पण एका ट्रेमागे तो फरक चिल्लरच आहे. तेवढ्यासाठी जागरण करू नका.

मुलांच्या डब्यात देणार असाल तर या कृतीत शेंगदाणे, अक्रोड किंवा काजू मुद्दाम घातलेले नाहीत. सब्रिना शॅनन या ऑन्टॅरिओतल्या मुलीचा २००३ मध्ये शाळेत असताना अन्नाच्या अॅलर्जीने मृत्यू झाला. तिच्या नावाचा कायदा १ जानेवारी २००६ पासून लागू आहे आणि प्रत्येक शाळामंडळाला अॅलर्जीचं धोरण ठेवावं लागतं. तीळही कॅनडाच्या मुख्य अॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहेत, हे तिळगुळाच्या दिवसांत लक्षात ठेवा. शाळेला विचारून मगच काहीही पाठवा. गव्हाची अॅलर्जी किंवा सिलिअॅक असलेल्या घरी नुसती कणीक वगळून भागत नाही. साध्या ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत गहू मिसळलेला असतो. 'ग्लूटेन-फ्री' असा शिक्का असलेले ओट्सच घ्या आणि तेही डॉक्टरांना विचारून.

शेवटी राहिला तो संयमाचा प्रश्न, कारण चोवीस कुकीज डब्यात दिसल्या की त्या चार दिवस टिकत नाहीत. मुलं युनिव्हर्सिटीला गेलेल्या दोघांच्या घरात तर नाहीच. त्यावर उपाय फ्रीझरचा. सगळे गोळे चपटे करून ट्रेवर कडक गोठवा, मग पिशवीत भरून तारीख घाला. तीन महिने चांगले राहतात. पाहुणे आले की माणशी एक याप्रमाणे काढायचे, थेट ओव्हनमध्ये घालायचे आणि दोन मिनिटं जास्त भाजायचे.